बाळंतिणीचा पेग आणि घड्याळाचा काटा

बाळंतिणीच्या खोलीतलं कपाट उघडा. डिंकाच्या लाडवांचा डबा, अळीव, बाळंतशेपा, मालिशचं तेल आणि कोपऱ्यात दशमूलारिष्टाची बाटली. ती बाटली जरा फिरवा आणि बारीक अक्षरांतली ओळ वाचा. आपोआप तयार झालेलं अल्कोहोल, साधारण ५ ते १० टक्के! म्हणजे टक्केवारीत बिअरच्या तोडीस तोड, कधी कधी वरचढच. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच होतात. काढ्यात गूळ-मध घालायचा, धायटीची फुलं टाकायची, भांड्याचं तोंड बंद करायचं आणि ते मुरत ठेवायचं. द्राक्षांची वाइन होते तीच ही क्रिया. सुनेने ‘थर्टी फर्स्टला एक ग्लास घेतला तर चालेल का हो?’ असं विचारलं की ज्या घरात भुवया कपाळात जातात, त्याच घरात सासूबाई रोज दोन वेळा मापाने हे अरिष्ट तिच्या हातात ठेवत असतात.

लगेच बाटली फेकायला उठू नका, आधी हिशोब करू. २० मिलिलिटर दोन वेळा घेतलं आणि अल्कोहोल अगदी १० टक्के धरलं, तर दिवसाचं झालं ४ मिलिलिटर. वजनात तीनेक ग्रॅम. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असतं. म्हणजे दिवसभराचं अरिष्ट हा पेगचा तिसरा हिस्सा, तोही दोन हप्त्यांत. बाटली केमिस्टकडची आहे की वाइन शॉपमधली, हे यकृताला कळत नाही. त्याला कळतात ते फक्त ग्रॅम.

दुधात उतरतं ते किती?

अल्कोहोलला रक्तातून दुधात शिरायला कुणाची परवानगी लागत नाही. आईच्या रक्तात जेवढं प्रमाण, जवळपास तेवढंच दुधात. रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या ते एका तासात ते सर्वांत जास्त असतं, जेवणासोबत घेतलं तर तास-दीड तासाने.

आता एक ओळखीचा आकडा घेऊ. आपल्या मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्यापुढे गेलं की नाक्यावरचा पोलीस बाजूला घेतो. आई नेमकी या मर्यादेवर असेल तर तिच्या दुधात अल्कोहोल ०.०३ टक्के. अमेरिकेत ०.५ टक्क्याच्या आत अल्कोहोल असलेली बिअर ‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणून विकता येते. आईचं दूध त्याच्याही दहा पटींहून जास्त सौम्य ठरलं. बाळाने १०० मिलिलिटर दूध प्यायलं तर त्याच्या पोटात गेलं ३० मिलिग्रॅम.

पण म्हणून आनंदाने दुसरा ग्लास भरायचा नाही. नवजात बाळाचं यकृत अजून कच्चं असतं, अल्कोहोल निपटण्याचा त्याचा वेग मोठ्या माणसाच्या साधारण निम्मा. त्यातून पहिल्या काही आठवड्यांत बाळ दर दोन तासांनी पाजायला मागतं, मधे श्वास घ्यायलाही फुरसत नसते. म्हणून तीन महिन्यांपर्यंत, बाळाच्या पिण्या-झोपण्याचं गणित बसेपर्यंत, ग्लासापासून लांबच राहिलेलं बरं.

ग्राइप वॉटर नावाचं जुनं प्रकरण

आता त्या ३० मिलिग्रॅमच्या शेजारी दुसरी बाटली ठेवू. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ साली ग्राइप वॉटर बनवलं. शेपूच्या बियांचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के अल्कोहोल. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात झालं सुमारे १४० मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेवर असलेल्या आईच्या १०० मिलिलिटर दुधातून जाईल त्याच्या जवळजवळ पाचपट, आणि तेही थेट बाळाच्या तोंडात! त्या पाण्याने रडणारी बाळं गप्प होत, यात नवल कसलं? ब्रिटनमध्ये हे अल्कोहोल निघालं ते थेट १९९२ मध्ये. आज आपल्याकडे मिळणाऱ्या वुडवर्डच्या बाटलीत ते नाही. शेपू मात्र आहे, आणि तो बाळंतिणीच्या विड्यात आपल्या आज्या आधीपासूनच घालत आल्या आहेत.

चरक एका बाजूला, सोरानस दुसऱ्या

बाळंतिणीने अल्कोहोल घ्यावं की नाही, हा वाद कालचा नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात दूध वाढवणाऱ्या गोष्टींची यादी आहे आणि तिच्यात पहिल्या क्रमांकावर काय असावं? मद्य! फक्त उसाच्या रसाचं ‘सीधु’ तेवढं वगळायचं, बाकी चालेल. पुढे मांस, धान्य, भाज्या, पातळ आणि गोड-आंबट-खारट पदार्थ, दूध पिणं, आणि कष्ट न करणं. यादीतली कष्ट न करण्याची ही गोष्ट बाळंतिणीला मिळवून द्यायची तर घरातल्या चार माणसांनी कंबर कसावी लागते. बहुधा म्हणूनच लोकांच्या लक्षात यादीचा वरचा भागच राहतो.

तिकडे रोममध्ये दुसऱ्या शतकाच्या सुमारास सोरानस हा वैद्य दूध पाजणाऱ्या दाईला वाइन पिऊ नकोस म्हणून बजावत होता. वाइनचा गुण दुधात उतरतो, बाळ सुस्त होतं, थरथरतं, झटकेही येतात, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्याने डुकरिणीला साक्षीला काढलं. वाइनचा चोथा खाल्लेल्या डुकरिणीचं दूध पिऊन पिल्लं गुंगतात, असं त्याने लिहून ठेवलंय. प्रयोगशाळा नसताना हे निरीक्षण बरंच पक्कं म्हणायचं.

बिअरने खरंच दूध येतं?

ही समजूत जगभर पसरलेली आहे आणि तिच्यावर धंदाही झाला आहे. अमेरिकेत अ‍ॅनहायझर-बुश या बिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘माल्ट-न्यूट्रीन’ बाजारात आणलं. जेमतेम दोन टक्के अल्कोहोल, विक्री औषधांच्या दुकानांतून आणि गिऱ्हाईक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया. इंग्लंडात ‘मिल्क स्टाउट’ होती, दुधातली साखर घातलेली काळी बिअर. शेवटी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे बाटलीवर ‘मिल्क’ लिहायला बंदी आली. आयर्लंडमध्ये बाळंतिणीला गिनेस, मेक्सिकोत घायपाताच्या रसाची पुल्के, तैवानमध्ये तिळाच्या तेलातलं आणि राइस वाइनमधलं चिकन. प्रत्येक देशाचा आपला डिंकाचा लाडू.

या समजुतीत निम्मं सत्य आहे. बिअर ज्यापासून होते त्या सातूमध्ये एक घटक असतो. तो प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, वाढवतो. पण हे काम सातू करतो, अल्कोहोल नव्हे. बिनदारूच्या बिअरनेही तेच होतं. अल्कोहोल उलट ऑक्सिटोसिन खाली आणतं आणि पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. म्हणजे टाकीत पाणी चढलं, पण नळ आवळला गेला. छाती भरल्यासारखी वाटते, आई म्हणते ‘बघा, दूध आलं’, आणि बाळ मात्र ओढ ओढ ओढतं.

ऑक्सिटोसिनवरच्या या परिणामाचा डॉक्टरांनी एकेकाळी चक्क उपचार म्हणून वापर केला होता. अवेळी कळा सुरू झालेल्या बायकांना शिरेतून अल्कोहोल द्यायचं, म्हणजे ऑक्सिटोसिन घटून कळा थांबतील! १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्रित्झ फुक्स यांनी ही पद्धत रुजवली. पुढे बरी औषधं आली आणि ती मागे पडली. त्या वॉर्डातल्या पहाटा कशा असतील, कल्पनाच करवत नाही.

बाळ ओढ ओढ ओढतं हे मोजलेलंही आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्यूली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी आयांना एकदा नुसता संत्र्याचा रस दिला आणि एकदा थोडं अल्कोहोल घातलेला. १९९१ मध्ये निकाल छापून आला. अल्कोहोलनंतर बाळं सुरुवातीला जास्त वेळा चोखत होती, तरी पोटात दूध कमी गेलं होतं. मेनेलांच्या पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की आईने पुन्हा प्यायली नाही तर बाळ काही तासांनंतर जास्त वेळा पिऊन ती कसर भरून काढतं. आणि ‘आईने घेतली की बाळ कसं गाढ झोपतं’ ही समजूतही उताणी पडली. पुढच्या तीन-साडेतीन तासांत बाळं नेहमीपेक्षा कमी झोपली.

‘एकच बिअर घेतली’ म्हणजे किती?

परदेशी सल्ला वाचणाऱ्या मराठी बाईची गफलत होते ती इथे. सर्वांत सुरक्षित म्हणजे अजिबात न पिणं, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. पण तीच पुढे म्हणते की दिवसाला एका ड्रिंकपर्यंत घेतल्याने बाळाला अपाय होतो असं आढळलेलं नाही, त्यातही प्यायल्यावर किमान दोन तास थांबून पाजलं तर. ‘रोज एक’ ही शिफारस नव्हे, ती वरची मर्यादा आहे. ‘क्वचित घेतली तर चालते’ या वाक्याचं मूळ इथे आहे.

त्यांचं हे ‘एक ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. ५ टक्क्यांची ३५५ मिलिलिटर बिअर, किंवा १२ टक्क्यांची दीडशे मिलिलिटर वाइन. आपल्याकडे टेबलावर येते ती ६५० मिलिलिटरची बाटली. साधी असेल तर तिच्यात साडेपंचवीस ग्रॅम, जवळपास दोन ड्रिंक. ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम, म्हणजे तीन! आपली व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची, तेव्हा ६० मिलिलिटरचा ‘लार्ज’ झाला २० ग्रॅम, दीड ड्रिंक. घरच्या पार्टीत भाओजींनी अंदाजाने ओतलेल्या पेगचं माप भाओजींनाच विचारा.

एका ड्रिंकला दोन तास हा ठोकताळा धरला तर स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीला सहा तास झाले. त्यातही हा ठोकताळा साठ-पासष्ट किलोच्या बाईला धरून आहे. आपल्याकडच्या पंचेचाळीस-पन्नास किलोच्या बाईला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि पोटात काही नसेल तर अल्कोहोल चढतंही झटकन. म्हणून ज्या रात्री एखादा ग्लास घ्यायचाच आहे, त्या रात्रीचा क्रम साधा आहे. आधी बाळाला पोटभर पाजा, मग जेवा, जेवतानाच तो एक ग्लास घ्या, पुढची पाजायची वेळ घड्याळात बघून ठेवा. बाळ आधीच उठलं तर आदल्या दिवशी काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं दूध आहेच.

पिळून फेकायचं?

नका फेकू. निदान अल्कोहोल लवकर जावं म्हणून तरी नको. दुधात अल्कोहोल साठून राहत नाही. रक्तातलं उतरेल तसं दुधातलंही उतरतं. आईच्या रक्तात अजून आहे तोवर पिळून काढलं तरी नवं दूध तसंच येणार, आणि रक्तातलं उतरलं की स्तनातलं तेच दूध स्वच्छ. छाती दुखत असेल, गाठी येत असतील तर जरूर पिळा. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी बाई ताजीतवानी होईल, यकृत आपल्याच वेगाने चालेल. अमेरिकेत दुधाचे थेंब टाकल्यावर रंग बदलणाऱ्या पट्ट्याही मिळतात. घड्याळ असताना त्यांच्यावर पैसे का घालवायचे, हे मला उमगलेलं नाही.

आणि अभ्यास काय म्हणतात?

हवं तसं ठाम उत्तर देत नाहीत. १९८९ मध्ये अमेरिकेत रूथ लिटल यांच्या अभ्यासात असं दिसलं की नियमित पिणाऱ्या आयांच्या दुधावरची बाळं वर्षाची झाली तेव्हा हालचालींच्या चाचणीत किंचित मागे होती. त्याच लिटलबाईंनी पुढे ब्रिटनमधल्या दीड वर्षाच्या बाळांवर ताडून पाहिलं, तर तो फरक सापडला नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात स्तनपानाच्या काळात जास्त पिणाऱ्या आयांच्या सहा-सात वर्षांच्या मुलांचे तर्काच्या चाचणीतले गुण थोडे कमी दिसले. कधीतरी घेतलेल्या एका ग्लासाने नुकसान होतं असा पुरावा यातून निघत नाही; रोज पिण्याला मात्र कुणीच हिरवा कंदील दाखवलेला नाही.

गरोदरपणाची गोष्ट अगदी निराळी. तिथे वारेतून आईच्या रक्तातलं अल्कोहोल गर्भाच्या रक्तात जातं आणि सुरक्षित असं प्रमाणच नाही. दुधातून बाळाला मिळतं ते वजनाच्या हिशोबाने आईच्या मात्रेच्या पाच-सहा टक्के. नऊ महिने पाळलेला नियम बाळंतपणानंतर जरा सैल होतो तो यामुळे.

दुधाच्या या चर्चेत झोपेची गोष्ट हमखास राहून जाते आणि खरा धोका तिथेच जास्त आहे. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत, एकाच गादीवर झोपतं. प्यायलेल्या माणसाची झोप जड असते, कूस बदलताना खाली काय आलं ते कळत नाही. त्यामुळे आईने असो वा बाबांनी, ज्याने कुणी घेतली असेल त्याने त्या रात्री बाळाच्या गादीवर झोपायचं नाही. बाबांच्या दोन ‘लार्ज’चा हिशोब कुठलीच सासू विचारत नाही, तो बाळाच्या आईने विचारावा.