ताप उतरला, म्हणून झोपलो

आमच्या घरात ‘सेप्टिक’ हा शब्द फार जुना. पायात खिळा गेला, जखमेत पू झाला, की आई म्हणायची, “सेप्टिक झालंय, आधी डॉक्टरकडे जाऊन ये.” या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, असे मी साठी उलटेपर्यंत समजत होतो. तो गैरसमज माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणाने दूर केला.

अक्काला दोन दिवस लघवीला जळजळ होत होती. थंडी वाजून ताप येई. “या वयात चालायचंच,” म्हणून तिने फारसे कुणाला सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मला आमच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. श्वास भरभर चालला होता, हातपाय गार पडले होते, दुपारपासून लघवीही झाली नव्हती. थर्मामीटर लावला, तर पारा ९६ वर. “चला, ताप उतरला!” आम्ही एकमेकांना म्हणालो आणि निवांत झोपलो. पहाटे तिला हाका मारून जाग येईना.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला आणि विचारले, “असं केव्हापासून बोलतायत?” मी म्हणालो, “काल संध्याकाळपासून.” त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हा सेप्सिस आहे.”

सेप्सिस हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ, कुजणे. जंतू रक्तात शिरले की रक्त ‘नासते’, अशी समजूत पुढे रूढ झाली. १९९२ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत जंतुसंसर्गाबरोबर ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी यांतल्या दोन गोष्टी बिघडल्या की सेप्सिस, असा हिशेब होता. पण साध्या फ्लूच्या रोग्यालाही ताप येतो आणि त्याची नाडीही धावते. म्हणून २०१६ साली व्याख्या बदलली. जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचाच प्रतिसाद बेताल होतो, त्यात अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, तो सेप्सिस.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, म्हणून मला हे असे समजले. बँकेबद्दल एखादी अफवा उठते. ती पसरवणारा एकटा असतो. तो बँक बुडवू शकत नाही. घाबरून ठेवी काढायला धावणारे खातेदार मात्र चांगली चालणारी बँकही दोन दिवसांत बसवू शकतात. सेप्सिसमध्ये जंतू अफवेचे काम करतात आणि धावपळ शरीराची स्वतःची असते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपते, रक्तदाब घसरतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. मूत्रपिंड, मेंदू, फुप्फुसे यांना रक्त पुरेनासे होते. अक्काचे असंबद्ध बोलणे हे वय नव्हते. ती तिच्या मेंदूची हाक होती.

उपचारात घड्याळ महत्त्वाचे. जंतू ओळखण्यासाठी आधी रक्ताचा नमुना घेतात, पण अहवालाची वाट पाहत नाहीत. रक्तदाब कोसळला असेल, तर शक्यतो तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात. सलाइन देतात, तेवढ्याने रक्तदाब सावरला नाही, तर नॉरॲड्रेनॅलिन लावतात. रक्तातल्या लॅक्टेटवरून अवयवांची किती उपासमार होते आहे, याचा अंदाज येतो. आणि संसर्गाचे मूळ शोधून काढावे लागते. अक्काच्या मूत्रवाहिनीत खडा अडकला होता आणि त्यामागे पू साचला होता. तो वाट करून काढला, तेव्हा कुठे औषधाला यश आले.

हा आजार विरळा नाही. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक. न्यूमोनिया, पोटातला संसर्ग, बाळंतपण, मधुमेह्याच्या पायाची जखम, कुठूनही त्याची सुरुवात होऊ शकते. तान्ही बाळे, म्हातारी माणसे आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीचे लोक यांना धोका अधिक.

म्हणून एवढे ध्यानात ठेवावे. कसलाही संसर्ग असलेले माणूस बरळू लागले, गुंगीत गेले, धापा टाकू लागले, गार किंवा निळसर पडले, लघवी थांबली, तर ताप असो वा नसो, रात्र असो वा पहाट, इस्पितळ गाठावे. औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणून वेळ काढू नये. आणि डॉक्टरांना न संकोचता विचारावे, “हा सेप्सिस तर नाही ना?”

अक्का वाचली. एकोणीस दिवसांनी घरी आली. अजून जिना चढताना दोनदा थांबते, काही नावे विसरते. हा आजार सरला तरी काही महिने पाठ सोडत नाही, असे डॉक्टर म्हणाले. परवा तिने विचारले, “त्या रात्री मी काय बडबडत होते रे?” मी म्हणालो, “काही नाही, आप्पाची आठवण काढत होतीस.”

खरे तर ती मदत मागत होती. आम्ही मात्र थर्मामीटरकडे पाहत बसलो होतो.