घरच्या हळदीलाही भाव लावा

भगिनींनो, तुमचा बचत गट हळद, पापड, शेवया किंवा मसाला करून विकत असेल, तर हा लेख वाचताना पाटी-पेन्सिल जवळ घेऊन बसा. बंधूंनीही शेजारी बसावे. हिशेब तुमच्याच शेतातल्या मालाचा आहे.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गटात आम्ही हा हिशेब मांडला. गावाचे नाव सांगत नाही, कारण असे गट गावोगाव आहेत. बायकांनी १०० किलो ओली हळद घेतली. धुऊन, शिजवून, वाळवून, घासून तिची २० किलो सुकी हळद झाली. पाच किलोला एक किलो, हे प्रमाण हळद लावणाऱ्याला ठाऊकच असते. दळताना एक किलो घट आली. उरलेली १९ किलो पूड त्यांनी ५० रुपये पाव, म्हणजे २०० रुपये किलोने विकली. आले ३,८०० रुपये. खर्च सांगितला तो असा: सरपण २००, दळाई ४००, पिशव्या व चिठ्ठ्या ३००, वर्धेला नेण्याचे भाडे २००. एकूण १,१०० वजा जाता २,७०० रुपये नफा झाला, म्हणून सगळ्या खुशीत होत्या.

मी विचारले, ओली हळद केवढ्याची धरली?

"घरचीच होय साहेब, तिले काय भाव लावाचा?"

त्याच आठवड्यात व्यापारी बांधावरून ३० रुपये किलोने ओली हळद उचलत होता. म्हणजे तीच हळद काही न करता ३,००० रुपयांना गेली असती. चुलीपुढे डोळे लाल करून, उन्हात खाली-वर करून, चाळून, भरून हाती आले २,७००. तीनशे रुपये कमीच! आणि मजुरी? सहा बायांचा एकेक दिवस त्यात गेला होता. ३०० रुपये रोजाने १,८०० धरले तर सारा खर्च ५,९०० रुपये होतो. १९ किलोवर वाटला तर किलोला ३१० रुपये पडतात. विकत होत्या २०० ने.

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक वयस्क बाई म्हणाली, "मंग आमी इतके दिवस पोसलं कोनाले?" तिने विचारले ते बरोबर होते. शहरातले गिऱ्हाईक स्वस्त हळद खात होते आणि त्याची किंमत ही बाई आपल्या अंगमेहनतीने भरत होती.

वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जिल्ह्याला ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकनाने नाव मिळते, भाव आपण मागावा लागतो. (आणि हो, बाहेरची हळद आणून तिच्यावर वायगावचे नाव छापू नका. कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय एकदा फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही.)

आता प्रश्न असा, की बायकांना उद्योगात मार्गदर्शन करायचे म्हणजे काय करायचे? आम्हा अधिकारी मंडळींची रीत तुम्ही पाहिलीच आहे. दोन दिवसांचे शिबिर, पाहुण्यांचा सत्कार, यंत्राला हार, एक फोटो. पुढच्या वर्षी जावे तर यंत्रावर बारदान टाकलेले असते. यंत्र वाईट नसते. पण ते किती किलो दळले म्हणजे परवडते, हे कोणी बाईजवळ बसून सांगितलेले नसते.

ही जवळ बसण्याची गोष्ट जुनी आहे. १९३४ साली वर्धेला मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीजींनी त्याचा कारभार ज्यांच्याकडे दिला ते जे. सी. कुमारप्पा लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस होते. तेलघाणी आणि हातकागदाच्या कामाला हिशेबाचा माणूस लागतो, हे तेव्हाच ओळखले गेले होते. पुढे १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच लिज्जत पापड. त्यांना सल्ला देणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांचा आग्रह दोनच गोष्टींचा होता: माल एकसारखा हवा आणि हिशेब चोख हवा.

दूरचेही एक उदाहरण सांगतो. अफगाणिस्तानात काबूलला बाग-ए-जनाना नावाची बायकांची बाग होती. भारत सरकारच्या मदतीने अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने २००८ च्या सुमारास तिथे बायकांना शिवणकाम, भरतकाम, फळप्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. लढाईत घरधनी गेलेल्या कितीतरी जणी त्यात होत्या. काही निवडक बायकांना अहमदाबादला आणून तयार केले आणि मग त्याच परत जाऊन इतरांच्या शिक्षिका झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि तिथल्या बायकांच्या शिक्षणावर, नोकरीवर कडक बंधने आली. जिथे बाईने बाहेर पडणेच अवघड, तिथेही आधी दहा जणींनी शिकून शंभर जणींना शिकवले होते. आपल्याकडे तर महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' २०११ पासून आहे, गावात सहयोगिनी येते. तिला नुसती बैठकीची सही घेऊ देऊ नका. वही उघडून तिच्यासमोर ठेवा.

वहीत काय असावे? घरच्या मालाचा त्या दिवसाचा बाजारभाव. प्रत्येकीने किती वेळ दिला तो. घट. उधारी कोणाकडे आहे ती. कॉलेजात जाणारी मुलगी लिहून देत असेल तर उत्तम, पण बेरीज गटातल्या बाईला तोंडी सांगता आली पाहिजे. अक्षर येत नसेल तर खुणा करा, खडे मांडा. सुपातले दाणे जिला मोजता येतात तिला पैसे मोजता येतात.

आणि बंधूंनो, पासबुकाविषयी. हळदीचे पैसे गटाच्या खात्यात पडतात आणि खताच्या गोणीसाठी काढून घेतले जातात, असे होते. खत हवेच. पण घेतलेत तर वहीत घरधन्याच्या नावे उसने म्हणून लिहू द्या. पुढच्या हंगामात पिशव्या आणायला गटाकडे भांडवल उरले नाही, तर ते कोठे गेले हे तरी दिसेल.

त्या समुद्रपूरच्या गटाने पुढची पूड ९० रुपये पाव किलोने काढली. निम्मी जुनी गिऱ्हाइके गेली. वर्धेतल्या शाळांतले शिक्षक आणि सेवाग्रामकडचे काही दवाखान्याचे कर्मचारी टिकले. माल पूर्वीपेक्षा कमी खपला, पण या वेळी प्रत्येकीला मजुरी मिळाली. उरलेली ओली हळद त्यांनी सरळ व्यापाऱ्याला देऊन टाकली. पूड किती करायची आणि ओली किती विकायची, हे आता त्या दर हंगामात भाव पाहून ठरवतात. ती वयस्क बाई शेजारच्या गावातल्या गटाकडे वही घेऊन जाते. जाण्या-येण्याचे भाडे मात्र ती त्यांच्याकडून आधीच घेते.