घसरायलाच तर क्लच असतो

रिमॅप केलेली, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली पोलो जीटी टीडीआय. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा उडी मारतो आणि वेगाचा काटा जागचा हलत नाही. क्लच घसरतोय. मालक चार जणांना विचारतो आणि चौघेही एकच सांगतात : "स्टेज थ्री टाक. सिरॅमिक पक. कायमची कटकट मिटेल."

मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका मुलाने अशी कटकट मिटवलेली गाडी मला चालवायला दिली. सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी. पेडल अर्ध्यावर येईपर्यंत काहीच नाही, मग एकदम धक्का. हळू सोडावं तर अख्खी गाडी थरथरते. सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर तीनदा बंद पडली. तो म्हणाला, "पण काका, आता स्लिप होत नाही हं." खरं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स वेल्डिंगने जोडले असते तरी स्लिप झालं नसतं.

मुळात विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो. "गाडी आता 140 हॉर्सपॉवरची आहे, कुठला क्लच टाकू?" क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला फक्त टॉर्क कळतो. खोटं वाटत असेल तर कंपनीचेच आकडे बघा. पोलो जीटी टीडीआयचं दीड लिटरचं डिझेल इंजिन 105 पीएसचं, टॉर्क 250 न्यूटन-मीटर. ऑक्टाव्हियाचं 1.8 टीएसआय पेट्रोल इंजिन 180 पीएसचं, आणि टॉर्क? तोही 250. फरक इतकाच, की डिझेल हा टॉर्क अडीच हजार आरपीएमपर्यंत टिकवतं आणि पेट्रोल पाच हजारांपर्यंत. क्लचवरची कमाल ओढ दोन्हीकडे सारखीच. त्या ऑक्टाव्हियात सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीक्यू200 डीएसजी गिअरबॉक्स होता आणि त्याची मर्यादाच 250 न्यूटन-मीटरची. सुपर्बच्या मॅन्युअल गाडीत 180 पीएसचंच 1.8 टीएसआय 320 न्यूटन-मीटर देत होतं. कंपनी स्वतः टॉर्क बघून हिशेब करते, आणि आपण हॉर्सपॉवर सांगून क्लच मागतो.

हा हिशेब काही गुपित नाही. पुण्यातल्या कुठल्याही मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याकडचं व्ही. बी. भंडारींचं 'डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स' काढा, घर्षण क्लचचं प्रकरण उघडा. क्लच किती टॉर्क पेलणार हे चार गोष्टी ठरवतात : घर्षणाचे पृष्ठभाग किती, लायनिंगचा घर्षणांक किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते आणि प्लेटची सरासरी त्रिज्या किती. चौघांचा गुणाकार केला की झालं.

उदाहरणापुरती एक प्लेट घेऊ. बाहेरचा व्यास 230 मिलिमीटर, आतला 150, म्हणजे सरासरी त्रिज्या 95 मिलिमीटर. दोन पृष्ठभाग, घर्षणांक 0.3, दाब 5,500 न्यूटन. गुणाकार येतो सुमारे 313 न्यूटन-मीटर. तापून घर्षणांक 0.25 वर उतरला तरी 261 उरतात. मूळ इंजिनाच्या 250ला हे पुरतं. रिमॅपनंतर टॉर्क 320 झाला की थंड क्लचलाही तो जड, तापलेल्याला तर अशक्यच. म्हणजे क्लच खराब नव्हता. आपण त्याच्याकडून जास्त मागितलं.

मी नव्या क्लचची क्षमता इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा 20 ते 30 टक्के जास्त धरतो. आपल्या 320ला 400 पुरेत. तिथे पोहोचायचे सोपे मार्ग दोन. एक, लायनिंग बदला : सिरॅमिक पकचा (सलग लायनिंगऐवजी प्लेटवर बसवलेल्या सुट्या तुकड्यांचा) घर्षणांक 0.4 धरला तर तोच दाब 418 न्यूटन-मीटर देतो. दुसरा, लायनिंग ऑरगॅनिकच ठेवा (सेंद्रिय भाजीशी याचा संबंध नाही, हे नेहमीचंच लायनिंग) आणि 7,000 न्यूटनची प्रेशर प्लेट लावा. उत्तर 399. पेडल थोडं जड होईल, पण गाडी गर्दीत माणसासारखी वागेल. कागदावर दोन्ही मार्ग जवळपास सारखे. रस्त्यावर पहिला शर्यतीच्या ट्रॅकचा आणि दुसरा सिंहगड रोडचा.

या गुणाकारात लायनिंगचं क्षेत्रफळ कुठेच नाही, हेही बघून ठेवा. "सहा पक म्हणजे कमी जागेवर जास्त दाब, म्हणून पकड जास्त" ही थिअरी मी इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकली आहे. एकूण दाब तोच आणि त्रिज्या तीच असेल, तर क्षेत्रफळ घटवून टॉर्क वाढत नाही. पकमध्ये जी जादा पकड मिळते ती सिरॅमिकच्या घर्षणांकाची. क्षेत्रफळाचा संबंध झीज आणि उष्णतेशी असतो.

आणि खरी गोम उष्णतेतच आहे. गाडी उभी असते तेव्हा चाकं थांबलेली आणि इंजिन फिरतंय. दोघांचा वेग जुळेपर्यंत मधल्या कुणीतरी घसरायलाच हवं, आणि त्यासाठीच क्लच असतो. सपाट रस्त्यावर इंजिनाचा आरपीएम स्थिर ठेवून गाडी उचलली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होते. 1,200 किलोची गाडी शून्यावरून ताशी 15 किलोमीटरवर नेताना हा आकडा सुमारे 10 किलोजूल. चढावर त्याहून जास्त. गर्दीतल्या एका संध्याकाळी हे किती वेळा होतं, ते ज्याचं त्यानेच मोजावं. ऑरगॅनिक लायनिंग हे घसरणं हळुवार करतं. सिरॅमिक पक उष्णता जास्त सोसतात, पण पकडतात ते एकदम. म्हणून ट्रॅकवर, ड्रॅगमध्ये, रॅलीत ते योग्य असतात, कारण तिथे गाडी दर शंभर मीटरला थांबत नाही.

शिवाय क्लच हा गाडीचा फ्यूजही असतो. अचानक मोठा झटका आला की तो थोडा घसरतो आणि झटका पुढे जात नाही. घसरणं गरजेपेक्षा जास्त बंद केलं की तोच झटका गिअर, डिफरन्शियल आणि ड्राइव्हशाफ्टपर्यंत पोहोचतो. क्लच वाचतो आणि गिअरबॉक्स उघडावा लागतो.

राहिला 'स्टेज' हा शब्द. स्टेज वन, टू, थ्रीचं कुठलंही सर्वमान्य मानक नाही. एक्सेडीच्या परफॉर्मन्स मालिकेत स्टेज वन म्हणजे ऑरगॅनिक आणि स्टेज टू म्हणजे सेरामेटॅलिक पक. दुसरीकडे स्टेज टू म्हणजे फक्त जड प्रेशर प्लेटही असू शकते. बटाटेवडा 'स्टेज थ्री' तिखट आहे म्हटल्यावर जेवढी माहिती मिळते, तेवढीच त्यातून मिळते.

आता बाकीचे गैरसमज झटपट.

"पेडल जितकं जड, तितका क्लच मजबूत." नाही. दोन प्लेटच्या क्लचमध्ये घर्षणाचे पृष्ठभाग चार होतात, त्यामुळे कमी दाबातही जास्त टॉर्क पेलतो. फॉर्म्युला वनचा कार्बन क्लच जेमतेम 100 मिलिमीटर व्यासाचा असतो, तो या अनेक प्लेटच्या बळावरच.

"क्लच घसरला म्हणजे प्लेट संपली." आधी तेल बघा. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून गळणारं तेल नव्या प्लेटलाही घसरवेल.

"केव्हलार सगळ्यात भारी." सौम्य आहे, टिकतंही, पण बसायला वेळ घेतं आणि एकदा जास्त तापून गुळगुळीत झालं की पूर्वीची पकड सहसा परत येत नाही.

"ड्युअल मास फ्लायव्हील काढून साधा बसवा, डोक्याला ताप नको." तो इंजिनाचे हादरे गिळायला असतो. डिझेलमध्ये तो काढला की हादरे गिअरबॉक्समध्ये खडखडतात.

"हलक्या फ्लायव्हीलने ताकद वाढते." वाढत नाही. इंजिन चटकन फिरतं, पण आयडलिंग खडबडीत होतं आणि गर्दीत गाडी बंद पडायला सोकावते.

"नवा क्लच टाकला, आता एक्स्प्रेसवेवर दाबून बघू." अनेक उत्पादक आधी 800 किलोमीटरच्या आसपास शहरातलं सौम्य चालवणं सांगतात. लायनिंग फ्लायव्हीलवर नीट बसल्याशिवाय पूर्ण क्षमता मिळत नाही.

"फक्त प्लेट बदला, बाकी चांगलंय." गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदा देताच आहात, तर रिलीज बेअरिंग बदलून घ्या आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासा.

दुकानात जाताना तीन गोष्टी सोबत न्या : डायनोवरचा कमाल टॉर्क (क्रँकवरचा की चाकांवरचा, हे विचारून), गाडी बहुतेक वेळ कुठे चालते याचं खरं उत्तर आणि एक प्रश्न : "हा क्लच किती न्यूटन-मीटरचा?" उत्तरात आकड्याऐवजी 'स्टेज' आला तर नमस्कार करून बाहेर पडा.

त्या मुलाच्या गाडीत आता जड प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक लायनिंग आहे. परवा रॅम्प चढताना तो गाण्याबरोबर गुणगुणत होता. क्लचबद्दल काहीच बोलला नाही, मीही विचारलं नाही.