गाडीचा रंग : उजळावा किती, जपावा किती?

दसऱ्याच्या सकाळी गृहसंकुलांच्या आवारात एक ओळखीचे दृश्य दिसते. धुऊन-पुसून उभ्या केलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, झेंडूची माळ चढते, चाकांखाली लिंबे ठेवली जातात आणि नारळ फुटतो. बहुतेक कुटुंबांसाठी घराखालोखालची ही सर्वांत मोठी खरेदी; तीही बहुधा काही वर्षांच्या हप्त्यांवर केलेली. साहजिकच तिची निगा राखण्याची हौस दांडगी असते. तथापि दोन-तीन वर्षांनी तीच गाडी कलत्या उन्हात न्याहाळली, तर तिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा चमकताना दिसतात. आश्चर्य असे, की यांतील बहुतेक रेषा रस्त्याने दिलेल्या नसतात. त्या रोज सकाळी प्रेमाने फिरवलेल्या फडक्याने दिलेल्या असतात.

रंगाखालचे थर

ही गोष्ट समजून घ्यायची, तर रंगाची रचना ठाऊक असायला हवी. आधुनिक गाडीच्या पत्र्यावर प्रथम गंजरोधक लेप चढवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअरकोट’ नावाचा पारदर्शक थर असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवरील या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे १०० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे हे आवरण किती नाजूक आहे, याची कल्पना येते. त्यातही क्लिअरकोटचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचाच. गाडीची चकाकी आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण या दोन्ही जबाबदाऱ्या हाच पातळ थर सांभाळतो.

पॉलिश करणे म्हणजे या थरावर काही चढवणे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते नेमके उलट आहे. पॉलिशमध्ये अतिसूक्ष्म अपघर्षक कण असतात. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा पृष्ठभाग घासून समतल केला, की ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजेच प्रत्येक पॉलिशसरशी क्लिअरकोट थोडा झिजतो आणि झिजलेला थर परत येत नाही. मुदत ठेवीतून मधूनमधून रक्कम काढत राहावे, तसाच हा प्रकार. काढता येते, पण मुद्दल किती उरले, याचे भान हवे.

धुणे ही पहिली विद्या

म्हणूनच नवशिक्याने पॉलिशच्या डबीकडे वळण्यापूर्वी गाडी धुण्याचे तंत्र शिकणे इष्ट. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे म्हणजे वाळूच्या कणांनी काच घासणे. एकाच बादलीत तेच फडके बुडवून पाच-सहा गाड्या पुसण्याची आपल्याकडील रोजची पद्धत तर त्याहून घातक. एका गाडीची रेती दुसरीच्या रंगावर घासली जाते.

गाडी सावलीत उभी करावी आणि बॉनेट थंड झाल्यावरच काम सुरू करावे. प्रथम भरपूर पाण्याने सैल धूळ वाहू द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात : एकीत गाडीसाठीच्या शॅम्पूचे पाणी, दुसरीत हातमोजा खळबळण्यासाठी साधे पाणी. टपापासून खाली उतरत जावे, कारण सर्वाधिक चिखल दारांच्या खालच्या भागावर असतो. चाकांसाठी वेगळे फडके ठेवावे. कपडे धुण्याची पावडर टाळावी. ती मळाबरोबर वॅक्सचा थरही घेऊन जाते. शेवटी स्वच्छ मायक्रोफायबर टॉवेल हलकेच ठेवून पाणी टिपावे. विंधणविहिरीचे जड पाणी अंगावरच वाळू दिल्यास क्षारांचे पांढरे ठिपके पडतात आणि ते पुढे सहजासहजी निघत नाहीत.

धुतल्यानंतरही पृष्ठभाग हाताला खरखरीत लागत असेल, तर ब्रेकची लोहधूळ, झाडाचा चीक किंवा उडालेल्या रंगाचे शिंतोडे त्यात रुतलेले असतात. यासाठी ‘क्ले’ नावाची मऊ माती मिळते. भरपूर ओलाव्यासह ती हलक्या हाताने फिरवावी. हातून जमिनीवर पडली, तर मात्र मोह न ठेवता फेकून द्यावी. तिला चिकटलेला एक खडाही पुरे नुकसान करतो.

मग पॉलिश, तेही बेताने

ओरखड्यावरून अलगद नख फिरवावे. नख अडकले, तर तो ओरखडा पॉलिशने जाण्यापलीकडे खोल आहे असे समजावे आणि कसबी कारागिराकडे जावे. नख न अडकणाऱ्या रेषांसाठी सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ पॅड यांपासून सुरुवात करावी. प्रथम वीतभर जागेवर प्रयोग करून पाहावा. तेवढ्याने काम भागत असेल, तर अधिक तीव्र द्रव्याला हात लावू नये. यंत्र वापरायचे असल्यास नवशिक्याने एकाच अक्षावर वेगाने गरगरणारे रोटरी यंत्र टाळून दुहेरी गतीचे ऑर्बिटल यंत्र निवडावे. त्यात रंग तापून जळण्याचा धोका बराच कमी असतो. दारांच्या व बॉनेटच्या कडांवर थर पातळ असतो, तेथे चिकटपट्टी लावून ठेवावी. दीड-दोन फूट चौरस भाग घेऊन सावकाश काम करावे, पुसावे, दिव्याच्या तिरप्या प्रकाशात पाहावे आणि मगच पुढे सरकावे. ज्या गाडीचे भाग पूर्वी पुन्हा रंगवले गेले आहेत, तेथे अधिकच सावधगिरी हवी.

संरक्षणाचे कवच

पॉलिशने उजळलेला पृष्ठभाग उघडा असतो; त्याला कवच हवे. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण हे यातील जुने व लोकप्रिय साधन. त्याने रंगाला ऊबदार झळाळी येते, मात्र आपल्या उन्हात ते काही आठवड्यांतच विरते. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतात, तर सिरॅमिक कोटिंग योग्य रीतीने लावल्यास काही वर्षे. परंतु यांपैकी काहीही उडालेल्या खड्यांपासून गाडी वाचवत नाही. शिवाय ओरखड्यांवरच कोटिंग चढवले, तर ओरखडेही त्याखाली जपले जातात.

कोणतेही कवच पक्ष्यांच्या विष्ठेवर रामबाण नसते. तापलेल्या बॉनेटवर ती वाळू दिल्यास काही तासांतच रंगावर खूण उठू शकते. ती कोरडी खरवडू नये. ओले फडके काही मिनिटे ठेवून, मऊ झाल्यावर उचलावी. किनारपट्टीवरील खारी हवा आणि रंगपंचमीचे रंग यांनाही फार काळ थारा देऊ नये. पूजेचे ओले हळदकुंकू रंगाऐवजी काचेवर लावावे, म्हणजे श्रद्धाही राहते आणि डागही राहत नाही.

अखेरचा हिशेब

गाडीच्या विम्यात नैसर्गिक झीज समाविष्ट नसते. शिवाय क्षुल्लक ओरखड्यासाठी दावा केल्यास ‘नो क्लेम बोनस’ गमावण्याची वेळ येते. पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी ही सवलत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यावर मिळते. दोन बादल्या, दोन-तीन टॉवेल आणि रविवारची एक सकाळ यांचा खर्च त्यापुढे नगण्य ठरतो.

गाडी विकताना ग्राहकाची पहिली नजर रंगावरच जाते, हे खरे. पण त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे हप्ते फिटून गाडी पूर्णतः आपली होईल, त्या दिवशी ती आपलीशी वाटावी. त्यासाठी जास्त घासावे लागत नाही; घासण्याची वेळच कमी यावी, एवढे पाहावे लागते.