'दोस्ती'तली फी

संगीताची उपजत देणगी असलेले पोरके मूल, त्याच्यावर कोसळणारी संकटे आणि शेवटी डोळे पुसायला लावणारी भेट, हा चित्रपटाचा साचा जगभर चालतो. हॉलिवूडच्या 'ऑगस्ट रश' (२००७) या चित्रपटात अनाथालयातून निघालेला मुलगा गिटार हाती येताच वाजवू लागतो आणि संगीताच्याच वाटेने आईवडिलांपर्यंत पोहोचतो. आपल्याकडे हा साचा घरोघर नेला तो राजश्रीच्या 'दोस्ती'ने (१९६४). सत्येन बोस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एकही मोठा नट नव्हता. तरीही त्या वर्षी 'संगम'सारखा चित्रपट शर्यतीत असताना सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा फिल्मफेअर पारितोषिके 'दोस्ती'ने नेली.

मी राहतो उल्हासनगरच्या कॅम्प १मध्ये, शहाड स्टेशनच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. इथल्या जुन्या माणसांशी 'दोस्ती'बद्दल बोलताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. समीक्षक या चित्रपटाला मैत्रीची कथा म्हणतात, आमच्याकडचे वृद्ध त्याला फीची कथा समजतात. लहानपणी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकलेले एक शेजारी आहेत. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांच्या मते त्या पोरांनी भीक मागितली नाही, गाणे विकले, आणि त्या पैशांतून एकाला शिकवले. सिनेमा एवढाच, बाकी सगळे रडणे. मी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला तो हे ऐकल्यावर, आणि दादांचे म्हणणे मला पटत गेले.

कथा थोडक्यात अशी. रामूचे वडील कारखान्यातल्या अपघातात जातात, नुकसानभरपाई नाकारली जाते, त्या धक्क्यात आईही जाते. (आईच्या भूमिकेत लीला चिटणीस आहेत.) रामू स्वतः अपघातात एका पायाने अधू होतो. मुंबईच्या रस्त्यावर त्याला मोहन भेटतो. तो अंध आहे आणि बहिणीच्या शोधात गावाहून आलेला आहे. एकाकडे माउथऑर्गन, दुसऱ्याकडे गळा. दोघे फुटपाथवर गातात, लोक पैसे टाकतात.

इथून पुढे कोणीही अशी अपेक्षा करील की एखादा संगीतकार किंवा रेडिओवाला या मुलांना ऐकेल आणि त्यांचे नशीब पालटेल. 'ऑगस्ट रश'मध्ये मुलगा थेट जूलियार्ड या नामांकित संगीतशाळेत पोहोचतो. 'दोस्ती'त असा माणूस येतच नाही. रामूला हवी असते ती साधी शाळा. प्रवेशासाठी पैसे कमी पडतात, ओळखीच्या श्रीमंत घरी हात पसरले तर मागितल्याच्या मानाने अगदीच थोडे हाती पडते, मग दोघे गाऊन रक्कम जमवतात. शाळा सुरू झाली की रामूचा माउथऑर्गन मागे पडतो. त्याला आसरा देणारे शिक्षक (नाना पळशीकर) वारतात तेव्हा परीक्षेची फी भरायला पुन्हा मोहनच आजारी अंगाने रस्त्यावर गातो. रामू परीक्षेत पहिला येतो. पडद्यावरचा विजय हाच, आणि तो गुणपत्रिकेचा आहे. ज्याचा गळा सगळ्यांना रडवतो त्या मोहनच्या गाण्याचे पुढे काय झाले, हे चित्रपट विचारतही नाही.

सत्येन बोस यांच्या बाबतीत हे आश्चर्याचे नाही. त्यांचा 'जागृती' (१९५४) हाही शाळेचाच चित्रपट, आणि त्यातही कुबडी घेतलेला एक सालस मुलगा आहे. 'दोस्ती'चे मूळही बंगालीतच, 'लालू भुलू' (१९५९) या चित्रपटात. पण मुंबईत ही कथा आली तेव्हा तिला नेमके चेहरे मिळाले. रामू झालेला सुशील कुमार कराचीत जन्मलेला सिंधी मुलगा. फाळणीत कुटुंब नवसारीला आणि नंतर मुंबईला आले. त्याआधी 'अबाणा' (१९५८) या सिंधी चित्रपटात आणि 'धूल का फूल'मध्ये (१९५९) तो बालनट म्हणून दिसला होता. मोहन झालेला सुधीर कुमार म्हणजे सुधीर सावंत, मराठी मुलगा. निर्वासित सिंधी शिकतो आणि मराठी मुलगा त्याच्यासाठी गातो, असा अर्थ मी यातून काढणार नाही, निवड करणाऱ्यांच्या मनात तसे काही असण्याचा संभव कमी. पण कॅम्पातल्या प्रेक्षकाला रामू आपला वाटला असेल, तर त्याला एवढे एक कारण होतेच.

आता आवाजाकडे वळतो. मोहनच्या ओठांवर जी गाणी आहेत ती मोहम्मद रफींची, आणि रफी तेव्हा चाळिशीला टेकले होते. माउथऑर्गन वाजवला राहुलदेव बर्मन यांनी, ज्यांचा संगीतकार म्हणून पहिला चित्रपट 'छोटे नवाब' (१९६१) आधीच येऊन गेला होता. म्हणजे 'दोस्ती'तल्या गुणी मुलांचे संगीत सगळे प्रौढांचे आहे. मला यात खोट दिसत नाही. सराईत गळ्याची आणि सराईत फुंकरीची ती गाणी साठ वर्षांनंतरही टिकली आहेत. मात्र ही तयारी मुलांमध्ये आली कुठून, हा प्रश्न चित्रपटात उरत नाही. रामूला कोणी शिकवले, मोहनला कोणी सूर दिला, याचा पत्ता नाही.

खरी गुणी मुले चित्रपटात होती, पण पडद्यामागे. संगीत होते लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, वये २७ आणि २४. पारितोषिकांच्या यादीत त्यांनी शंकर-जयकिशन आणि मदनमोहन यांना मागे टाकले. लक्ष्मीकांत कुडाळकर नऊ वर्षांचे असताना वडील गेले. शाळा अर्धवट सुटली. मेंडोलिन ते हुसेन अली यांच्याकडे शिकले, आणि पोरवयातच कार्यक्रमांत वाजवून घराला हातभार लावू लागले. कुलाब्याच्या रेडिओ क्लबमध्ये लता मंगेशकरांच्या कार्यक्रमात त्यांना वाजवताना लताबाईंनी हेरले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. प्यारेलाल हे ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मा यांचे चिरंजीव. घरच्या ओढगस्तीमुळे बारा वर्षांच्या आसपास स्टुडिओत व्हायोलिन वाजवून ते कमाई करू लागले. दोघांची गाठ पडली ती मंगेशकर कुटुंबाच्या 'सुरील कला केंद्रा'त, मुलांच्या संगीतसंस्थेत.

यांच्या आयुष्यात 'दोस्ती'ची गोष्ट उलटी घडली. तिथे गाण्याने शाळेची फी भरली, इथे शाळा सुटली आणि गाणेच उपजीविका झाले. आणि इथे शिकवणारे होते, स्वरलिपी वाचायला लावणारे, तासन् तास गज ओढायला लावणारे. आमच्या वस्तीत सत्संगात सुरेल गाणाऱ्या मुलांचे पालक मला विचारतात की याला गाण्यात घालावे की क्लासला. 'दोस्ती' त्यांना एकच उत्तर देते, ते त्यांनाही पाठ आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे उदाहरण मी सांगतो तेव्हा ते ऐकून घेतात, मग दहावीच्या टक्क्यांविषयी विचारतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. बराकीत वाढलेल्यांना गुणपत्रिकेची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते.

प्रेक्षकांना मात्र पडद्यावरची करुणा पुरली नाही. दोन्ही मुले अपघातात मरण पावली, अशी अफवा बरीच वर्षे फिरत होती. प्रत्यक्षात सुशील कुमारने एअर इंडियात नोकरी धरली आणि तिथे तीन दशके काढली. सुधीर कुमार १९९३मध्ये कर्करोगाने गेला.

प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) शिष्याने गुरूचे नाव एका गाण्यात घातले. पडद्यावर प्रचंड अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर येतात आणि ते नाव सांगतात. शहाडच्या रिक्षात ते गाणे मी आजही ऐकतो, पण ते नाव एका व्हायोलिनच्या मास्तरांचे आहे हे ठाऊक असलेला रिक्षावाला मला अजून भेटायचा आहे.