पडद्यामागचे माणूस

आहारविकार घरात शिरतात ते चोरपावलांनी. आरशापुढे वाढत जाणारी स्वतःविषयीची नापसंती, 'भूक नाही' असे सांगून जेवणाला दिलेली बगल, किंवा एकांतातील अनावर खाणे आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून मुद्दाम काढलेली उलटी, अशा रूपांनी ॲनोरेक्सिया किंवा बुलिमिया ठाण मांडून बसतो तरी घरच्या मंडळींना बहुधा त्याचा पत्ता नसतो, आणि रुग्ण स्वतः लज्जेपायी डॉक्टरांकडे जाण्याचे टाळत राहतो.

ज्या व्याधीत रुग्ण तोंड लपवतो, तिचा इलाज त्याच्या घरापर्यंत नेऊन पोहोचवावा, हा विचार अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सी. बार टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात, इंटरनेट अद्याप नवलाईचे असताना, 'स्टुडंट बॉडीज' या नावाने अमलात आणला. आठ आठवड्यांच्या मुदतीच्या या कार्यक्रमात नेमून दिलेले वाचन असे, आपल्या शरीराविषयी कोणते विचार केव्हा आणि कशाने उठले याची रोजनिशी असे, आणि सहभागी तरुणींची आपसांतील लेखी चर्चाही असे. मात्र त्या चर्चेवर जाणत्या व्यक्तीची देखरेख राही.

वजन आणि बांधा यांच्या चिंतेने ग्रासलेल्या, कॅलिफोर्नियातील ४८० तरुणींवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. सरसकट पाहता विकार जडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नव्हता. परंतु ज्यांचा बॉडी मास इंडेक्स २५ किंवा अधिक होता, त्यांच्यापैकी कार्यक्रम मिळालेल्या एकीलाही दोन वर्षांत विकार जडला नाही, तर तो न मिळालेल्या तशाच तरुणींत हे प्रमाण सुमारे १२ टक्के निघाले. यातील पहिल्या वाक्यामुळेच दुसऱ्यावर माझा विश्वास बसतो; रामबाण औषधांच्या जाहिरातींत असला कबुलीजबाब कधी आढळत नाही.

पुढे विकार जडलेल्यांसाठीही याच धर्तीचा उपचार तयार झाला. अमेरिकेतील २७ विद्यापीठांतील ६९० विद्यार्थिनींवरील त्याच्या चाचणीत, जिचा अहवाल २०२० साली आला, ॲनोरेक्सियाच्या रुग्णांना वगळले होते आणि प्रत्येकीशी संदेशांद्वारे बोलणारा मार्गदर्शक नेमला होता. ज्यांना हा उपचार देऊ केला त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांनी तो सुरू केला; ज्यांना नेहमीच्या पद्धतीने विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राकडे जाण्यास सुचविले, त्यांच्यातील जेमतेम २८ टक्के उपचारापर्यंत पोहोचल्या. लक्षणेही पहिल्या गटात अधिक उतरली, जरी विकारातून संपूर्ण मुक्त होणाऱ्यांच्या संख्येत दोन्ही गटांत ठळक अंतर पडले नाही.

मार्गदर्शकाचा पगार वाचवून सारा कारभार यंत्राच्या हवाली करावा, असा मोह मग व्यवस्थापकांना होणारच. अमेरिकेतील राष्ट्रीय आहारविकार संघटनेने २०२३ साली आपली जुनी हेल्पलाइन बंद करण्याचे जाहीर केले. आणि त्याच सुमारास 'टेसा' नावाचा तिचा चॅटबॉट मदत मागणाऱ्यांना उष्मांक मोजण्याचे आणि वजन उतरविण्याचे धडे देऊ लागल्याचे उघडकीस येताच तो तातडीने काढून घ्यावा लागला. ज्या विचाराने माणूस आजारी पडते, तोच औषध म्हणून पाजण्याचा हा प्रकार होता. पडद्यावरील उपचाराला माझा विरोध नाही; पण त्यामागे जबाबदार माणूस नसेल, तर त्याला उपचार म्हणण्यास मी राजी नाही.

वजन झपाट्याने घटत असेल, भोवळ येत असेल किंवा मासिक पाळी थांबली असेल, तर संगणकाची वाट न पाहता प्रत्यक्ष डॉक्टरांकडेच जावे. आणि दवाखान्याची पायरी चढण्यास मन धजत नसेल, तर निदान सरकारी 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा; तो विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.