मूलच्या जंगलातला वणवा आणि खुला एपीआय

मोहफुलं वेचण्याच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या आसपासच्या जंगलात वणवे लागतात. उपग्रहाला त्यांची उष्णता दिसते. ‘नासा’ची फर्म्स सेवा त्या जागेचा ठिपका साधारण तीन तासांत अक्षांश-रेखांशासह जगाला खुला करते. तो ठिपका एखाद्या ॲपच्या नकाशावर उमटतो एपीआयमुळे. एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली रीत: काय मागायचं, उत्तर कोणत्या साच्यात येईल, हे आधीच जाहीर असतं. फर्म्सचा एपीआय वापरण्याची किल्ली ईमेल दिला की फुकट मिळते. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षणही २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वनखात्यांना आगीचे इशारे देत आहे.

गूगल मॅप्सने २००५ साली एपीआय खुला केला आणि एका सेवेची माहिती दुसऱ्या ॲपला जोडण्याला बहर आला. भारत सरकारच्या २०१२ साली सुरू झालेल्या खुल्या माहितीच्या पोर्टलवरून बाजार समित्यांचे भावही असेच घेता येतात. उलट, ट्विटरने २०२३ मध्ये आपल्या एपीआयचा फुकट वापर जवळजवळ बंद केला. कंपनीचं दार तिच्या मर्जीवर असतं.

जनतेच्या पैशातून गोळा झालेली माहिती मात्र खुलीच राहायला हवी. वणवा, पाऊस, नदीची पातळी यांची माहिती सरकारने ग्रामसभांना विनामूल्य आणि मराठीतून द्यावी.